गुलाबाच्या पानावरून चॉकलेटचे पान

औषध न फवारलेल्या गुलाबाची जाडसर पाने धुऊन अगदी कोरडी करावीत, कारण पाण्याच्या थेंबानेही वितळलेले चॉकलेट घट्ट आणि रवाळ होते. १५० ग्रॅम डार्क चॉकलेटपैकी १०० ग्रॅम वाफेवर ४५ अंश सेल्सिअसपर्यंत वितळवावे, खाली उतरवावे आणि उरलेले बारीक चिरून त्यात घालत, सतत ढवळत ३१-३२ अंशांवर आणावे. चकाकी आणि मोडतानाचा ‘कट्’ आवाज याच टप्प्यावर ठरतो. कंपाउंड चॉकलेटला (कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी घातलेल्या) एवढा खटाटोप लागत नाही, पण खऱ्या चॉकलेटची चव त्याला नाही. पानाच्या मागच्या, शिरा उठून दिसणाऱ्या बाजूला ब्रशने जाड थर द्यावा. चॉकलेट कडेपलीकडे ओघळले तर सोलताना तुटते. दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून देठाकडून पान हलकेच सोलावे.