खरीप भुईमूग: बियाण्याला औषध चोळल्याशिवाय तिफण धरू नका

पेरणी झाली, पावसाने ओढ दिली, ऊन तापलं की दहाव्या-पंधराव्या दिवशी रोपं माना टाकतात. उपटून पाहा: जमिनीलगत खोड तपकिरी, चिंध्या झालेलं आणि त्यावर काजळीसारखी काळी भुकटी. ही कॉलर रॉट, म्हणजे रोपाच्या मानेची कुज. ती आणते ॲस्परजिलस नायजर ही बुरशी. ती मातीत असते, बियाण्यावरही येते. मान टाकलेलं रोप परत उभं राहत नाही, मग दुकानदार ‘मुळी वाढवणारी’ कोणतीही बाटली देवो. तो पैसा वायाच.

एकरी ४० किलो बियाण्याला थायरम हे बुरशीनाशक ३ ग्रॅम प्रतिकिलो, म्हणजे १२० ग्रॅम लागतं. एवढंच टाळलं जातं आणि तिथेच पीक विरळ होतं.

शेंगा पेरणीच्या आठवडाभर आधी फोडा, जमल्यास हातानेच. यंत्रात साल खरचटते आणि बुरशीला दार उघडतं. फुटके, सुरकुतलेले दाणे काढा. मूठभर दाण्यांत चार-पाचांची साल निघालेली दिसली तर ते बियाणं आम्ही पेरणार नाही. हा आपला शेतातला अंदाज, शिफारस नव्हे.

औषध आधी चोळा, सावलीत सुकवा. रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी धरून हवेतला नत्र देणारं जिवाणू खत (१० किलोला २५० ग्रॅम), अगदी पेरणीच्या तोंडावर. रसायन नको असेल तर ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, ५ ग्रॅम प्रतिकिलो. पण कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकासोबत ट्रायकोडर्मा चोळू नका, मरतो. कोरडी भुकटी वरून भुरभुरवून भागत नाही. हलकं पाणी शिंपडून दाणा न् दाणा माखला पाहिजे. फावड्याने ढवळू नका, साल जाते.

‘रोगप्रतिकारक वाण घेतलाय, औषध कशाला?’ हे हमखास ऐकू येतं. धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या जीपीबीडी-४ या वाणात तांबेरा आणि उशिरा येणारा टिक्का (पानांवरचे ठिपके) या रोगांना तोंड देणारी जनुकं आहेत, ती ॲराकिस कार्डेनासी या रानटी भुईमुगाकडून आली. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेने तांबेऱ्याविरुद्धचा तो भाग जनुकीय खुणांच्या मदतीने टॅग-२४ आणि आपल्या जेएल-२४ (फुले प्रगती) या वाणांमध्येही आणला. पण ही ढाल पानांची. कोवळ्या रोपाच्या मानेला तिचा उपयोग नाही.

बाकी नेहमीचं:
- अंतर ३० × १० सेंमी
- खोली ५ सेंमी. खोल पेरलं तर मर वाढते
- नत्र २५, स्फुरद ५० किलो/हेक्टर
- टिक्क्याचे पहिले ठिपके दिसताच मॅन्कोझेब (बुरशीनाशक) २५ ग्रॅम, १० लिटर पाण्यात

नांग्या (रोप न उगवलेल्या जागा) आठवड्याच्या आत भरा, तेही बियाण्याला औषध चोळूनच.