उंदराची पिल्लं हाताला घाबरतायत? आधी चमचा घ्या

आमच्या पिठी आणि भाकरी आल्या तेव्हा जेमतेम ६ आठवड्यांच्या होत्या, आणि पहिले चार दिवस आम्हाला फक्त दोन शेपट्या दिसल्या. पिंजऱ्याचं दार वाजलं की दोघी खोक्यात. आई म्हणाली, गणपतीचा उंदीर निदान समोर तरी बसतो. "होईल सवय" असं सगळे सांगतात, पण सवय आपोआप नाही होत हो, लावावी लागते, म्हणून जे जमलं ते लिहितेय.

आधी एक, एकटं पिल्लू आणू नका. दोन माद्या किंवा दोन नर आणा, जोडीदार असला की धीर येतो, एक पुढे आली की दुसरी मागून येतेच. आणि दुकानदार "दोन्ही फीमेल" म्हणाला तरी स्वतः बघून घ्या, कारण ही मंडळी ५ आठवड्यांतच वयात येतात आणि त्यानंतर २१ ते २३ दिवसांत घरात बाळंतपण.

पिंजरा किचनजवळ नको, कुकरची शिट्टी आणि मिक्सरने आपणच दचकतो. यांना तर आपल्याला ऐकूही न येणारे बारीक आवाज ऐकू येतात, त्यामुळे उंदीर पळवायचं ते प्लगमधलं मशीन घरात कुठेही असेल तर आधी काढा (आमच्याकडे होतं, हॉलमध्ये, कोणाच्या लक्षातच नाही). पहिले एक-दोन दिवस हात घालूच नका. जवळ बसून फोनवर बोला, काहीही बडबडा, आणि दिवसभर घातलेल्या जुन्या टीशर्टचा तुकडा आत टाका. यांची नजर अधू, सगळी ओळख वासावर, त्या तुकड्यावर झोपल्या की तुमचा वास घरचा झाला.

मग चमचा. दाणा किंवा बिस्किटाचा तुकडा दिला तर हिसकावून खोक्यात पळतात आणि त्यातून शिकतात काय तर पळायला. चाटायची गोष्ट घेऊन पळता येत नाही! बिनसाखरेचं नाचणीचं सत्त्व नाहीतर थोडंसं साधं दही चमच्याच्या टोकाला लावायचं आणि गप्प धरून बसायचं. दिवेलागणीला करा, दुपारी त्या झोपेत असतात. दोन-तीन दिवसांनी चमचा जरा मागे घ्या म्हणजे एक पाय तुमच्या तळव्यावर ठेवावाच लागेल, मग दोन पाय, मग सत्त्व थेट बोटावर. गजांमधून मात्र कधीच भरवू नका, मग आत आलेलं प्रत्येक बोट खाऊच वाटतं आणि पाहुण्यांच्या पोराला चावा बसतो.

उचलताना हात वरून नको. वरून येतं ते घार नाहीतर मांजर, हे त्यांच्या रक्तातच आहे. बाजूने, खालून, दोन्ही हातांची ओंजळ करून, एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली. शेपटी धरून अजिबात नाही, तिची कातडी सोलून निघू शकते. सुरुवातीला ओरडतात, हातावर शू करतात, चालायचंच. माझी चूक काय झाली की पिठी किंचाळली की मी लगेच तिला आत सोडायचे, तिला कळलं की किंचाळलं की सुटका, मग काय, रोज किंचाळणं. नंतर छातीशी हलकं धरून ती जरा शांत झाली की मगच सोडायला लागले, दहा सेकंद शांत राहिली तरी पुरे. दाबून धरायचं नाही पण, आणि खरंच सैरभैर झाली तर हात खाली टेकवून ठेवा, उंचावरून उडी मारली तर लागेल.

सगळ्यात जास्त उपयोग झाला ओढणीच्या झोळीचा. गळ्यात बांधायची, दोघींना आत ठेवायचं आणि पलंगावर बसून आपलं वाचत बसायचं, वीस मिनिटं, रोज. अंधार, ऊब, तुमचा वास, आणि कोणी पकडतही नाही. मोकळं सोडायचं तर कोरडी बाथरूम बरी, पण कमोडचं झाकण आणि खालची जाळी बंद करा आधी.

डोळे-नाकाभोवती लाल दिसलं तर ते बहुतेक वेळा रक्त नसतं, त्यांचे अश्रूच तसे असतात, पण टेन्शन किंवा आजारपणात ते वाढतात, सोबत घरघर किंवा सुस्ती असेल तर ट्रेनिंग बंद आणि व्हेट गाठा. रक्त येईल असं चावलं तर जखम साबणाने धुवून डॉक्टरकडे जाच. एरवी खेळून झालं की हात धुवायचे, आधीसुद्धा, कारण बोटांना चिवड्याचा वास असला तर चव बघणारच.

तिसऱ्या आठवड्यात भाकरी माझ्या बाहीत शिरून दात करकरवायला लागली, हे सहसा खुशीत करतात, आणि डोळे असे आतबाहेर उडायला लागले की आई घाबरली, पण तेही त्यातलंच. पिठी अजून वरून हात दिसला की खोक्यात जाते. आईने मात्र तिच्यासाठी वेगळा चमचा काढून ठेवलाय.