बालशिक्षणात यायचंय? फी भरायच्या आधी हे वाचा

मेलबर्नला नव्याने आलेल्या आपल्या मुली-सुना कुणाकडून तरी माझा नंबर घेऊन फोन करतात. प्रश्न ठरलेला असतो: "ताई, चाइल्डकेअरचा कोर्स करायचाय, स्वस्तात आणि लवकर कुठे होईल?" 'स्वस्तात आणि लवकर' ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण २०१३ मध्ये मीही हेच विचारलं होतं आणि त्याची किंमत पुढची दीड वर्षं मोजली. प्रत्येकीला फोनवर तासभर सांगते तेच इथे लिहितेय.

मी आले २०१२ मध्ये. त्याच वर्षी इथे डे-केअर आणि किंडर, म्हणजे शाळेआधीची बालवाडी, यांसाठी देशभर एकच चौकट लागू झाली, नॅशनल क्वालिटी फ्रेमवर्क. तिच्यातला एक नियम १ जानेवारी २०१४ पासून अमलात येणार होता: मुलांच्या संख्येमागे मोजल्या जाणाऱ्या प्रत्येक एज्युकेटरकडे, म्हणजे मुलांना सांभाळणाऱ्या-शिकवणाऱ्या व्यक्तीकडे, किमान सर्टिफिकेट थ्री (बालशिक्षणाचा सुरुवातीचा कोर्स) हवं, किंवा तिचं ते शिक्षण चालू तरी हवं. झालं, घाईघाईत सर्टिफिकेट देणाऱ्यांचं पीक आलं. आपल्याच ओळखीतल्या एका गृहस्थांनी मला अशा एका संस्थेत नेलं. शनिवार-रविवार मिळून सहा आठवडे, समोर छापील उत्तरं, प्लेसमेंटचा, म्हणजे सेंटरमध्ये प्रत्यक्ष काम करून शिकण्याचा, एकही दिवस नाही. पैसे एकरकमी दिले. सर्टिफिकेट हातात पडलं तेव्हा मी त्याचा फोटो आईला पाठवला होता.

पहिल्याच मुलाखतीत सेंटरच्या डायरेक्टरने प्लेसमेंटचं लॉगबुक मागितलं. ते नव्हतंच. "बाटली किती तापमानाला देतेस, कशी तपासतेस?" मला सांगता येईना. तिने अपमान केला नाही, उलट पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाली, "या कागदावर मी तुझ्या हातात बाळ देऊ शकत नाही." ट्रॅममध्ये बसून रडले. पण तिचं बरोबर होतं. नंतर सगळं पहिल्यापासून केलं, वेगळे पैसे भरून.

हे जुनं झालं असं समजू नका. प्रशिक्षण संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या अ‍ॅस्क्वाने २०१५ मध्ये बालशिक्षणाच्या प्रशिक्षणाचा आढावा घेतला, त्यातही फार आखूड कोर्सेसवर बोट ठेवलं होतं. आणि २०२४ च्या शेवटी काही संस्थांनी दिलेली सर्टिफिकेटंच रद्द करायला सुरुवात झाली. हजारो लोकांची, आणि त्यांत बालशिक्षणाचीही होती. नोकरीत असलेल्या माणसाला पत्र येतं की तुमचं शिक्षण आता धरलं जाणार नाही. म्हणून पुन्हा सांगते, प्लेसमेंट नसलेला कोर्स कुणी फुकट दिला तरी घेऊ नका.

आता नेमकं काय बघायचं ते सांगते. २०२१ च्या आवृत्तीत सर्टिफिकेट थ्रीचा कोड सीएचसी ३०१२१ आणि त्याच्या वरच्या डिप्लोमाचा सीएचसी ५०१२१. देशात कुठेही करा, कोड हेच. सर्टिफिकेट थ्रीला प्रत्यक्ष सेंटरमध्ये किमान १६० तास आणि डिप्लोमाला २८० तास लागतात. हे तास बिनपगारी असू शकतात, पण त्यांच्याशिवाय पास होताच येत नाही. संस्थेला पहिला प्रश्न हाच विचारा: "प्लेसमेंट तुम्ही मिळवून देता की मी शोधायची?" दुसरा, "तिथे येऊन माझं काम कोण बघणार?" उत्तर गोलमोल आलं तर उठून या. संस्थेचं नाव सरकारच्या प्रशिक्षण नोंदणीत आहे का आणि हाच कोड शिकवायची तिला परवानगी आहे का, हे पाच मिनिटांत शोधता येतं. स्टुडंट व्हिसावर असाल तर संस्था क्रायकॉसवरही, म्हणजे परदेशी विद्यार्थी घेऊ शकणाऱ्या संस्थांच्या सरकारी यादीतही, हवी. आणि व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, पीआर (कायमचा रहिवास) किंवा नागरिकत्व असेल तर आधी टेफकडे, म्हणजे सरकारी व्यावसायिक शिक्षण संस्थेकडे, जा. हे दोन्ही कोर्स इथे फ्री टेफच्या, म्हणजे फी न लागणाऱ्या कोर्सेसच्या, यादीत आहेत. तरीही आपली माणसं एजंटला पैसे देतात, हे बघून मला अजून त्रास होतो.

अजून एक रस्ता आहे, तो मला कुणी सांगितला नव्हता. आधी नाव नोंदवा आणि मग सेंटरमध्ये ट्रेनी म्हणून काम मागा. शिक्षण चालू असलेली एज्युकेटर नियमात बसते. पगार सुरू होतो आणि प्लेसमेंटचे तास बरेचदा तिथेच भरता येतात.

भारतातून बी.एड. करून आलेल्यांसाठी थोडं. सरसकट 'चालत नाही' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, आणि 'चालून जाईल' हेही ऐकू नका. परदेशी पदवी इथल्या अर्ली चाइल्डहुड टीचर, डिप्लोमा किंवा सर्टिफिकेट थ्रीच्या तोडीची आहे का, हे एसीईसीक्यूए ही राष्ट्रीय संस्था ठरवते. मोठ्या मुलांना शिकवण्याची बी.एड. आणि जन्मापासून पाच वर्षांच्या मुलांचं शिक्षण यांत इथे फरक धरतात. विद्यापीठातून विषयवार गुणपत्रिका आणि अभ्यासक्रम निघतानाच सोबत आणा. इथून मागवताना महिने जातात. कोर्सची फी भरायच्या आधी हा अर्ज करा, नंतर नाही. व्हिसाबद्दल मी काही सांगणार नाही, त्याला नोंदणीकृत मायग्रेशन एजंटच गाठा.

वर्किंग विथ चिल्ड्रन चेकचा, म्हणजे मुलांसोबत काम करण्याआधी होणाऱ्या पार्श्वभूमी-तपासणीचा, अर्ज पहिल्या आठवड्यातच करा. तो हातात नसेल तर प्लेसमेंटला दारातही उभं करत नाहीत. व्हिक्टोरियात व्हॉलंटियरचा चेक फुकट मिळतो, पण पगाराच्या कामाला तो चालत नाही. नोकरी लागली की एम्प्लॉयीचा करून घ्या. प्रथमोपचाराचा कोर्सही नीट बघून घ्या. ऑफिसवाल्यांचा साधा फर्स्ट एड नको, शिक्षण आणि बालसंगोपनासाठीचा, कोडच्या शेवटी ०१२ असलेला हवा. त्यात दमा आणि अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी, दोन्ही येतात. सीपीआरची उजळणी दर वर्षी.

एवढी कागदपत्रं झाली की लोकांना वाटतं, काम काय, मुलंच तर सांभाळायचीत, आपण घरी दोन वाढवली. इथेच बहुतेकींची गाडी अडते, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

माझी प्लेसमेंट बेबीज रूममध्ये होती. एक नऊ महिन्यांचा मुलगा गालिच्यावर डबा आपटत बसला होता. नॅपी बदलायची वेळ झाली म्हणून मी मागून जाऊन त्याला पटकन उचललं. तो दचकला, रडायला लागला. रूम लीडर साठीच्या आसपासची, तेव्हा काही बोलली नाही. दुपारी मला म्हणाली, "आता मी करते, तू बघ." ती त्याच्या समोर खाली बसली. दोन्ही हात पुढे केले. म्हणाली, "तुझी नॅपी ओली आहे, मी तुला उचलणार आहे," आणि थांबली. मुलाने तिच्या हातांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, डबा खाली ठेवला आणि स्वतः दोन्ही हात वर केले. पाच-सात सेकंद गेले असतील. तेवढ्या वेळात मला या कामाबद्दल जे कळलं ते त्या सहा आठवड्यांत कुणी शिकवलं नव्हतं. त्या मुलाला बोलता येत नव्हतं, पण मत होतं, आणि ते विचारलं गेलं.

आपल्याकडे माया म्हणजे चटकन करून देणं. बूट घालून देणं, घास भरवणं, नाक पुसणं, पडायच्या आत धरणं. इथे दोन वर्षांचं मूल बूट घालायला दहा मिनिटं घेतं आणि आपण शेजारी बसून थांबायचं असतं. फार तर टाच आत जायला बुटाची जीभ थोडी ओढून धरायची. आपल्या मुलींचे हात शिवशिवतात, मला दिसतं ते. हात मांडीखाली दाबून बसा, पण थांबा. तसंच गालगुच्चे नाहीत, पापे नाहीत, 'जाड्या', 'काळू' असली लाडाची नावं नाहीत. चिखल, पाणी, थंडीतलं बाहेर खेळणं याला नाकं मुरडू नका.

मग लिहिणं. एज्युकेटरचा बराच वेळ मुलांच्या नोंदी लिहिण्यात जातो, आणि इंग्रजीपेक्षा बघण्यात आपण कमी पडतो. मी लिहिलेली पहिली नोंद अशी होती: 'आज ती ठोकळ्यांशी छान खेळली, खूप हुशार आहे.' रूम लीडरने ती परत दिली. 'छान' म्हणजे काय, 'हुशार' कशावरून? पुन्हा बघितलं आणि लिहिलं: 'तिने चार ठोकळे एकावर एक ठेवले, पाचव्याला पडले. तिने सर्वांत मोठा ठोकळा शोधून खाली ठेवला आणि पुन्हा सुरुवात केली. तीनदा केलं.' आता वाचणाऱ्याला मूल दिसतं, आणि उद्या तिच्यापुढे काय ठेवायचं तेही कळतं. इथल्या अर्ली इयर्स लर्निंग फ्रेमवर्कमध्ये पाच शिक्षण-निष्पत्ती आहेत, त्यांच्याशी नोंद जोडायची असते. पाठ करू नका. आधी बघायला शिका, जोडणं आपोआप येतं.

मोबाइल. खिशात ठेवायचा नाही, लॉकरमध्ये. मुलांचे फोटो फक्त सेंटरच्या उपकरणावर. २०२५ पासून व्हिक्टोरियात स्वतःचा फोन मुलांजवळ वापरायला बंदी आहे, आणि ती योग्य आहे. लहान मुलांवरच्या अत्याचाराचे गंभीर आरोप पुढे आल्यावर हे नियम कडक झालेत. 'किती गोड आहे बघ' म्हणून कुणाच्या लेकराचा फोटो आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं हा नोकरी जाण्याइतका गुन्हा समजा. तसंच, मुलाच्या अंगावर खूण दिसली, बोलण्यात काही खटकलं, तर कळवणं बंधनकारक आहे. १ मार्च २०१९ पासून व्हिक्टोरियात आपण कायद्याने मँडेटरी रिपोर्टर आहोत. 'लोकांच्या घरात कशाला पडायचं' ही सवय इथे मुलाच्या जिवावर येते.

रेशो पाठ करा: व्हिक्टोरियात तीन वर्षांखालच्या चार मुलांमागे एक एज्युकेटर, तीन ते शाळेपर्यंत अकरांमागे एक. रूममधून बाहेर पाऊल टाकायच्या आधी सहकारिणीला सांगून, तिचं "हो" ऐकून मगच जा. रोख पैसे देतो म्हणणाऱ्या आपल्या माणसाकडेही काम करू नका. पेस्लिप नसेल तर तुमचे अनुभवाचे दिवसही नाहीत आणि सुपर, म्हणजे निवृत्तीचा फंड, तोही नाही.

आणि समाजात कुणी विचारेल, "एवढी शिकलीस आणि आता लोकांच्या पोरांची ढुंगणं धुतेस?" मला हे हळदीकुंकवात विचारलं गेलंय. तेव्हा गप्प बसले, आता बसत नाही. ताराबाई मोडक एका कॉलेजच्या प्राचार्य होत्या. ते सोडून त्या लहान मुलांच्या शिक्षणात उतरल्या, १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर गेल्या. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी. नॅपी बदलताना मी ज्या मुलाशी बोलते, तो त्या दोन मिनिटांत शब्द शिकतो. हे शिक्षणच आहे.

पुढे जायचं असेल तर डिप्लोमावर थांबू नका. किंडर टीचरला पदवी आणि व्हिक्टोरियन इन्स्टिट्यूट ऑफ टीचिंगची नोंदणी लागते. डिप्लोमाचे काही विषय पदवीत धरले जातात, पगारात आणि तासांत फरक पडतो. अंग थकतं, सर्दी-खोकला पहिल्या वर्षी सारखा होतो. गुडघे आणि पाठ सांभाळा, वाकू नका, खाली बसा.

शेवटचं एक, रेझ्युमेबद्दल. मी माझ्या रेझ्युमेत मराठी लिहिली नव्हती. वाटलं, इथे तिचा काय उपयोग. दोन वर्षांनी आमच्या टॉडलर रूममध्ये नाशिकहून नुकतीच आलेली एक मुलगी आठवडाभर दाराला चिकटून रडत होती आणि एकच शब्द म्हणत होती. सगळ्यांना वाटायचं ती बूट मागतेय. मी शेजारच्या रूममधून सहज आत आले आणि ऐकलं, ती "शू" म्हणत होती. इथे 'शू' म्हटलं की बूट, म्हणून दर वेळी तिला बूट आणून देत होते. मी तिला बाथरूममध्ये नेलं. त्या दिवशी आमच्या डायरेक्टरने सगळ्या स्टाफला आपापल्या भाषा लिहून द्यायला सांगितल्या. घरची भाषा जपणं फ्रेमवर्कमध्येच आहे, सेंटरांना अशी माणसं हवी असतात. 'भाषा' या रकान्यात मराठी लिहा, हिंदी, कोकणी जे येत असेल ते लिहा, आणि मुलाखतीत स्वतःहून सांगा.