बर्फाचं शिल्प कोरताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या आमच्या गावच्या कलासंग्रहालयाच्या आवारात दर हिवाळ्यात बर्फाची शिल्पं कोरतात. ही प्रथा तिथे फार जुनी. शाडूच्या गणपतीवर हात बसलेली आपली माणसं हौसेने त्यात उतरतात आणि नेमकी तिथेच फसतात. शाडूत कान लहान झाला तर वर माती लावता येते. इथे मात्र आधी ठोकळा आणि मग नुसतं कोरणं.

खरी चूक हत्यार हातात घेण्याआधीच होते. प्लायवूडच्या साच्यात फावड्याने बर्फ भरून वरून थोपटला म्हणजे ठोकळा तयार होत नाही. वीतभर थर टाका, आत उतरून बुटांनी तुडवा, मगच पुढचा थर. कोपऱ्यांत पाय पोचत नाही, तिथे लाकडाने ठोका. आम्ही पहिल्या वर्षी कोपरे तसेच सोडले होते. साचा काढला आणि एक अख्खी कड साखरेसारखी खाली घसरली. उभा घोडा करायचा होता, बसलेली गाय करावी लागली.

कडक थंडीतला भुकटीसारखा बर्फ हाताने वळत नाही म्हणून लोक त्यावर पाणी मारतात. नका मारू, काचेसारखे कठीण पट्टे तयार होतात आणि करवत तिथे अडते. स्नोब्लोअरने, म्हणजे वाटेवरचा बर्फ उडवून बाजूला टाकणाऱ्या यंत्राने, उडवलेल्या बर्फाचे कण बारीक झालेले असतात, ते जास्त चांगले धरतात. तुडवल्यावर साचा निदान एक रात्र ठेवा. कण जिथे एकमेकांना टेकतात तिथे ते न वितळताही जुळत जातात, आणि ठोकळ्याचं सगळं बळ त्या जोडांत असतं. भरताना पानं आणि गवत वेचून काढा. काळपट पान ऊन शोषतं आणि भोवती खड्डा पाडतं.

कोरायला वरून सुरुवात करा. पाय आधी बारीक केले तर वरचा भार पेलत नाही. कोलोरॅडोतल्या ब्रेकेनरिजच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आत सळई किंवा आधार घालायला मनाई आहे, यंत्रंही चालत नाहीत. तरी तिथे उंच, पोकळ शिल्पं उभी राहतात, कारण तोल आधीच ठरवलेला असतो. तुम्हीही मातीचा छोटा नमुना करून न्या. हनुवटीखाली, पोटाखाली बर्फाचे खांब राहू द्या, ते अगदी शेवटी कापा. त्या वेळी कुणीही खाली वाकून उभं राहू नये, याबाबत मी हट्टी आहे. घट्ट बर्फाचा घनमीटर सहज पाचशे किलोंचा भरतो.

हत्यारं साधी पुरतात: करवत, पटाशी, घोड्याचा खरारा, स्वयंपाकघरातली जाड किसणी.

चेहरा दक्षिणेला असेल तर नाक-डोळे दुपारी उघडू नका. ते संध्याकाळसाठी ठेवा, रात्रभर घट्ट होतात.

आणि तुकडा तुटलाच तर बर्फात थोडं पाणी घालून कणकेसारखा मळा. दोन्ही तुटके भाग खरवडा, मधे हा लगदा भरा आणि तुकडा न हलवता धरून ठेवा. हवा शून्याच्या बरीच खाली असेल तर काही मिनिटांत तो बसतो. उबदार दुपारी मात्र हा खटाटोप करू नका, ऊन उतरेपर्यंत तुकडा सावलीत ठेवा.