हरभरा पिवळा पडत होता, त्यावर मी केलेला उपाय

सिन्नरकडच्या आमच्या तुकड्यात वर्षानुवर्षं कांदाच. तिथे हरभरा घेतला, तर झाडं खुरटी आणि पानं पिवळट. सगळे म्हणाले, युरिया टाका. मी आधी मुळं बघितली. झाड उपटायचं नाही, खुरप्याने मातीसकट काढून बादलीत धुवायचं, नाहीतर मुळांवरच्या गाठी जमिनीतच राहतात. गाठी मोजक्याच होत्या. नखाने फोडल्या तर आत पांढरट. हवेतला नत्र बांधणारी गाठ आतून गुलाबी असते. तो रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद. म्हणजे रानात हरभऱ्याला या गाठी करणारे जिवाणूच पुरेसे नव्हते. त्यात युरिया जास्त झाला की गाठी आणखी कमी धरतात!

पुढच्या रब्बीला बियाण्याला रायझोबियम, म्हणजे पाकिटात मिळणारे हेच जिवाणू, लावले. पाकीट हरभऱ्याचंच घ्या, सोयाबीनचं इथे चालत नाही. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार केलं (गरम असतानाच कालवलं तर जिवाणू मरायचे), त्यात पाकीट कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळलं. साल निघता कामा नये. बुरशीनाशक आधी, ते सुकल्यावर जिवाणू शेवटी. गोणपाटावर सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी.

फुलोऱ्याआधी पुन्हा झाड काढलं. सोटमुळाला गाठींचे झुबके, आत लालसर. पीक हिरवंगार राहिलं, घाटेही भरले. युरिया आणलाच नाही. पाकिटावरची मुदत तेवढी बघून घ्या, आणि दुकानात ते उन्हात पडलेलं असेल तर घेऊ नका.