रॉयल क्रेसेंट: पाहताना आणि डागडुजी करताना या चुका टाळा

रॉयल क्रेसेंट ही इंग्लंडमधल्या बाथ शहरातली ‘टेरेस’. टेरेस म्हटल्यावर आपली नजर आधी गच्ची शोधते. पण इथे टेरेस म्हणजे भिंतीला भिंत लागून उभी असलेली घरांची रांग. चंद्रकोरीसारख्या वळणात अशी 30 घरं आहेत.

लांबून एकच राजवाडा वाटतो, आणि बहुतेक जण समोरच्या हिरवळीवरून फोटो काढून परत फिरतात. तसं करू नका, मागच्या बाजूला जाच. वास्तुकार धाकट्या जॉन वुडने 1767 ते 1774 मध्ये आखून दिला तो दर्शनी भाग. त्यामागचं घर ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे बांधून घेतलं. त्यामुळे पुढे काटेकोर शिस्त आणि मागे प्रत्येकाचा वेगळा संसार, हे तिथे गेल्यावरच कळतं. मला तर मागची बाजूच जास्त बोलकी वाटते.

खांब जमिनीपासून शोधू नका. तळमजला मुद्दाम साधा ठेवलाय. आयोनिक, म्हणजे माथ्यावर गुंडाळीसारखी नक्षी असलेले ग्रीक धाटणीचे खांब त्याच्यावरून उठतात आणि दोन मजले चढतात. सगळ्या खिडक्याही मूळच्या समजू नका. पुढे एकोणिसाव्या शतकात पहिल्या मजल्यावरच्या कित्येक खिडक्यांचे उंबरे खाली उतरवले गेले.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सिमेंट. बाथचा मधाळ रंगाचा चुनखडीचा दगड मऊ असतो, पाणी पितो आणि सोडतो. मूळच्या चुन्याच्या सांध्यातून ती ओल बाहेर पडते. सिमेंट भरलं की वाट बंद होते, ओल दगडातच राहते आणि थंडीत गोठून त्याचे पापुद्रे काढते. सांधा कडक, पुढे आलेला आणि शेजारचा दगड आत खचलेला, बोट फिरवलं की पीठ निघतंय, असं दिसलं तर बहुधा हेच झालंय. अशा वेळी ग्राइंडर लावू नका. सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने सुटत असेल तरच काढा. दगडाची कड तुटत असेल तर तूर्त राहू द्या. कोळशाच्या धुराची काळी पुटंही वाळूच्या माऱ्याने घालवू नका, त्यात दगडाची कातडीच जाते.

आणि परवानगीआधी कशालाच हात लावू नका. ही वास्तू सर्वोच्च संरक्षित श्रेणीत आहे. 22 नंबरच्या दाराला 1970 च्या दशकात पिवळा रंग दिला, तर प्रकरण थेट सरकारी चौकशीपर्यंत गेलं होतं. दार अजून पिवळंच आहे.

नवा चुना भरल्यावर घाई नको. ओलं गोणपाट लावून तो सावकाश सुकू द्या, आणि गोठवणाऱ्या थंडीत हे काम काढूच नका.