फिट तीच दिसते, पण कारण वेगळं: तीन वयांच्या तीन फिट्स सांभाळताना शिकलेलं

आठ वर्षांपूर्वीची नरक चतुर्दशी. मिरजेतल्या आमच्या घरात पहाटे साडेचारला बंब पेटलेला. माझी लेक तेव्हा दोन वर्षांची होती. तिच्या अंगावर कढत पाण्याचे दोन तांबे घातले आणि तिचा डावा हात थडथडायला लागला, मग पाय, मग चेहऱ्याची डावी बाजू. मी तिला टॉवेलात गुंडाळून बाहेर आणते तोवर माझ्या पंधरा वर्षांच्या पुतणीच्या हातातली उटण्याची वाटी भिंतीवर जाऊन आदळली. रात्री दीडपर्यंत ती चकल्या पाडत बसली होती. हाताला दोन-तीन झटके बसले आणि तासाभरानं तीही धाडकन पडली.

आत्याबाई म्हणाल्या, "सुनेच्या माहेरचं काहीतरी आलंय घरात." पुतणी माझ्या दिरांची मुलगी, तिचा माझ्या माहेराशी काय संबंध, हे विचारायचं त्या दिवशी सुचलं नाही.

पुढे सासूबाईंनाही फिट आली. आज आमच्या घरात तीन वयांच्या तीन जणी फिटच्या गोळ्या घेतात. तिघींची कारणं वेगळी, औषधं वेगळी, आणि एकीचं औषध दुसरीला घातक ठरू शकतं. मी डॉक्टर नाही, प्राथमिक शाळेत शिकवते. पण घरात फिटचं माणूस असेल तर काय बघायचं, काय लिहून ठेवायचं आणि डॉक्टरांना काय विचारायचं, एवढं सांगू शकते.

फिट चालू असताना

आधी घड्याळ बघा. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, गळ्याजवळचं बटण सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा आणि चप्पल हुंगवल्यानं फिट थांबत नाही. ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबते आणि श्रेय चपलेला जातं.

पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही तर मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा, आणि गाडी काढायची. हा फवारा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो. किती वेळा मारायचा हे वजनावर ठरतं, म्हणून लेकीच्या डबीवर मी मार्करनं आकडा लिहिलाय आणि दर वाढदिवसाला वजन करून तो डॉक्टरांकडून तपासून घेते. नव्या बाटलीचे सुरुवातीचे फवारे हवेत मारून ती चालू करावी लागते. हे पत्रकात लिहिलेलं असतं, पण वेळ आल्यावर पत्रक कुणी वाचत नाही. डबी आणली त्याच दिवशी वाचा.

घरात दुसरं कुणी असेल तर त्याला मोबाइल द्या. पांघरूण काढून सगळं अंग दिसेल असा व्हिडिओ घ्यायचा आणि बोलत राहायचं: "चार वाजून दहा मिनिटं, डावा हात, डोळे डावीकडे, हाक मारली तर ओ नाही." आम्ही पाच डॉक्टरांना तोंडी वर्णन केलं होतं. सहाव्यांनी चाळीस सेकंदांचा व्हिडिओ बघितला आणि त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "मागची फिट उजवीकडे होती का?" होती.

वही

शंभर पानी साधी वही पुरते. तारीख, वेळ, किती मिनिटं, अंगाचा कुठला भाग, ताप होता का, आदल्या रात्री झोप किती, गोळी चुकली होती का, नंतर किती वेळ झोपली. मुलींच्या बाबतीत पाळीची तारीखही लिहा. माझ्या वहीत सहा महिन्यांत एक गोष्ट आपोआप दिसायला लागली: लेकीच्या फिट्स तापात, गरम पाण्यानं नाहीतर भर उन्हातून आल्यावर. पुतणीच्या कायम सकाळी, उठल्यापासून तासाभरात, जागरणानंतर. कारणाचा अर्धा पत्ता वहीतच होता.

वय आधी सांगा

डॉक्टरांकडे गेल्यावर आपण म्हणतो, "फिट येते." त्याआधी सांगायचं ते पहिली फिट कितव्या दिवशी, महिन्यात किंवा वर्षी आली ते.

जन्मल्यावर पहिल्या आठवड्यातच फिट आली आणि बाकी तपासण्या नीट असल्या, तर केसीएनक्यू२ नावाच्या जनुकाचा विचार होतो. अशा वेळी आजोबांना विचारा. "मलापण तान्हेपणी आकडी यायची म्हणे" असं एखादं वाक्य निघतं, आणि त्या घरगुती प्रकारातली बाळं बहुधा काही महिन्यांत सुटतात. पण त्याच जनुकातल्या काही बिघाडांत वाढ खुंटते. काही बाळांना ब६ जीवनसत्त्व दिल्याशिवाय फिट थांबतच नाही. तिथे दोष एएलडीएच७ए१ या जनुकात असतो.

तीन महिन्यांपासून वर्षापर्यंतचं बाळ झोपेतून उठल्यावर पुन्हा पुन्हा कमरेत वाकतं, हात फेकतं, मान खाली घालतं, आणि घरचे म्हणतात पोटात मुरडा आहे. आठ-दहा झटक्यांची माळ लागत असेल तर व्हिडिओ काढून त्याच आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. ही वेस्ट सिंड्रोमची खूण असू शकते आणि इथे उशीर बुद्धीवर बेततो. विल्यम वेस्ट या इंग्लिश डॉक्टरनं १८४१ मध्ये स्वतःच्या मुलाचं वर्णन करून हे पहिल्यांदा मांडलं. बाळाच्या अंगावर पानाच्या आकाराचे पांढरट डाग असतील तर तेही दाखवा. ट्यूबरस स्क्लेरोसिस हा आनुवंशिक आजार निघाला तर व्हिगाबॅट्रिन हे औषध आधी निवडतात, इतरांना सहसा एसीटीएच (संप्रेरकाचं इंजेक्शन) किंवा स्टेरॉइड.

सकाळी उपाशीपोटी फिट येते आणि खाल्ल्यावर मूल बरं दिसतं, असं असेल तर ते आवर्जून सांगा. मेंदूत साखर नेणारा वाहकच कमी पडण्याचा आजार असतो, ग्लूट१ नावाचा. पाठीतल्या पाण्यातली साखर मोजली की संशय पक्का होतो, आणि त्याचा मुख्य उपचार आहे आहार, चरबी भरपूर आणि साखर-पिष्ट अगदी कमी असा कीटोजेनिक आहार.

शाळकरी वयात माझ्यासारख्या बाईंनी डोळे उघडे ठेवायचे. वाचता वाचता मूल दहा सेकंद गप्प होतं, पापण्या फडफडतात आणि मग पुढचा शब्द वाचतं. हे "लक्ष नाही" नसतं. अशा मुलांना दवाखान्यात जोरजोरात श्वास सोडायला लावतात, दोन-तीन मिनिटांत फिट समोर येते.

माझ्या लेकीचं जनुक

तिची पहिली फिट साडेपाच महिन्यांची असताना आली, लस दिल्याच्या दुसऱ्या दिवशी तापात, पंचवीस मिनिटं. घरात सगळ्यांनी लशीला दोष दिला. एका डॉक्टरांनी कार्बामाझेपिन दिलं. एका बाजूची फिट असेल तर सर्रास देतात ते औषध, त्यात त्यांची चूक म्हणवत नाही. पण फिट्स महिन्याला एकीवरून आठवड्याला दोनवर गेल्या.

ती अडीच वर्षांची असताना एक्झोम, म्हणजे रक्तातून जनुकं वाचणारी चाचणी केली. रिपोर्टात नाव आलं एससीएन१ए, आजार ड्रावे सिंड्रोम. शार्लोट ड्रावे या फ्रेंच डॉक्टरांनी तो १९७८ मध्ये वर्णन केला आणि जनुक सापडलं २००१ मध्ये. लस कारण नव्हतीच, लशीच्या तापानं आधीच असलेल्या आजाराची पहिली फिट बाहेर काढली. लसीकरण आम्ही पूर्ण केलं, तापाचं औषध आणि फवारा हाताशी ठेवून.

आनुवंशिक आजारांच्या समुपदेशक बाईंनी मला समजावलं ते असं. मेंदूत चेतवणाऱ्या पेशी असतात तशा आवरणाऱ्याही असतात. या जनुकापासून आवरणाऱ्या पेशींची सोडियमची दारं बनतात. माझ्या लेकीत ती निम्मीच आहेत, म्हणजे ब्रेक आधीच कमी. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन ही औषधं सोडियमची दारंच बंद करतात, म्हणजे उरलेला ब्रेकही गेला. केसीएनक्यू२ च्या बाळांना मात्र याच जातीची औषधं छान लागू पडतात. चाचणीनं आजार बरा झाला नाही. काय द्यायचं नाही, हे कळलं. माझ्या लेखी सगळे पैसे तिथेच वसूल झाले.

आता ती व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझामवर आहे. स्टिरिपेंटॉल, फेनफ्लुरामिन ही या आजाराची खास औषधं, पण महाग आणि मिळवायला अवघड. मधे सव्वा वर्ष कीटोजेनिक आहार केला. वजनकाट्यावर लोणी मोजायचं, खोबऱ्याच्या किसाची थापी, अंडं आणि साय. फिट्स उतरल्या, पण सणाच्या ताटासमोर तिला बसवणं जड जायचं. तो आहारतज्ज्ञांशिवाय घरच्या घरी करू नका. आणि औषधांच्या सिरपमध्ये साखर असते, ती या आहारात चालत नाही, म्हणून डॉक्टरांना गोळीबद्दल विचारा. आम्हाला हे महिन्याभरानं कळलं.

तिच्या दप्तरात एक लॅमिनेट केलेलं कार्ड आहे: आजाराचं नाव, वजन, फवाऱ्याचं प्रमाण आणि लाल अक्षरात "फेनिटॉइन शक्यतो देऊ नये." कॅज्युअल्टीत फिट थांबली नाही की पुढचं इंजेक्शन बहुधा तेच असतं, आणि रात्री दोन वाजता आपल्या तोंडून ते नाव नीट येत नाही. आणखी एक नको वाटणारं वाक्य लिहिते. या आजारात झोपेत अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो. डॉक्टर आपणहून काढतील याची वाट न बघता हा विषय तुम्हीच काढा. लेक माझ्याच खोलीत झोपते.

चाचणी करायची असेल तर

थोडं रक्त लागतं आणि काही आठवडे वाट बघावी लागते. आधी विचारा: यातून औषध बदलेल का? पहिल्या एक-दोन वर्षांत सुरू झालेली फिट, वाढ मागे पडणं, दोन औषधांनी न थांबणं, यांत उत्तर "कदाचित हो" असतं.

रिपोर्टात "पॅथोजेनिक" लिहिलं असेल तर अर्थ स्पष्ट: हा बदल आजार घडवणारा आहे. "व्हीयूएस" म्हणजे बदल दिसला पण तो आजाराचा आहे की निव्वळ वेगळेपण, हे आज ठरत नाही. त्यावरून कुणाला दोषी धरू नका, औषधही बदलू नका. काहीच सापडलं नाही म्हणजे आनुवंशिक नाही असंही नाही. रिपोर्ट जपा, एक-दोन वर्षांनी तीच माहिती पुन्हा तपासून मागता येते.

मग आमचं दोघांचं रक्त तपासलं. दोघांतही तो बदल नव्हता. तो लेकीतच नव्यानं झालेला, ड्रावेत बहुतेक वेळा असंच असतं. मी तो कागद आत्याबाईंसमोर ठेवला. त्या चष्मा विसरल्या होत्या. तरी दुसरं मूल हवं असेल तर समुपदेशन घ्या, कारण आईबापांच्या बीजपेशींत तो बदल लपलेला असू शकतो. धोका कमी असतो, शून्य नसतो. गर्भजल तपासून तो बदल पाहता येतो.

पुतणी

तिला जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे वयात येताना सुरू होणारी, सकाळी हातांना झटके देणारी मिरगी. वर्षभर सकाळी तिच्या हातून कप पडायचे आणि जाऊबाई तिला धांदरट म्हणायच्या. यात आनुवंशिकतेचा हात असतो, पण बहुतेकांत एकच जनुक सापडत नाही, अनेक बारीक बदल मिळून होतं. त्यामुळे तिची चाचणी डॉक्टरांनीच नको म्हटली. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, पुरला.

या प्रकाराला व्हॅल्प्रोएट चांगलं लागू पडतं, पण मुलीला ते देताना दहादा विचार करतात. गरोदरपणात त्यानं दहातल्या एका बाळाला मोठं व्यंग होतं आणि तीस ते चाळीस टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो. तिला लेव्हेटिरासेटाम दिलं. पहिले दोन महिने चिडचिड इतकी, की घरात कुणी बोलेना. तेही डॉक्टरांना सांगायचं असतं, स्वभाव म्हणून सोडून द्यायचं नसतं. फिट वर्ष-दोन वर्षं आली नाही म्हणून गोळी मनानं बंद करू नका. या प्रकारात ती पुन्हा उसळते. आणि व्हॅल्प्रोएटवर असलेली बाई गरोदर राहिली तर घाबरून एका दिवसात गोळी टाकू नये, तडक डॉक्टरांना गाठावं.

आता ती तेवीसची आहे, स्थळं येतात. १९९९ मध्ये कायदा बदलला, तेव्हापासून मिरगी आहे म्हणून हिंदू विवाह रद्द होत नाही. तरी आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो. घरात एक सूचना आली, "आत्याच्या मुलाला द्या, म्हणजे बोलणी खावी लागणार नाहीत." नात्यात लग्न केलं की दोघांकडे तोच लपलेला दोष असण्याची शक्यता वाढते, आणि तसा असला तर प्रत्येक बाळाला चारात एक इतका धोका. बोलणी परवडली. लायसन्सच्या फॉर्म १ मध्येही मिरगीबद्दल थेट विचारतात. तिनं खरं लिहिलं, आणि सध्या ती एसटीनं जाते.

सासूबाई

एकाहत्तराव्या वर्षी, पक्षाघातानंतर अकरा महिन्यांनी, डावा हात उडायला लागला. नंतर तो हात संध्याकाळपर्यंत लुळा होता, आम्हाला वाटलं पक्षाघाताचा दुसरा झटका. फिटनंतर असं काही तास होतं, पण ते घरी बसून ठरवायचं नाही, दवाखान्यातच जायचं. एमआरआयमध्ये जुन्या पक्षाघाताचा व्रण दिसला. या वयात कुणी जनुकाची चाचणी सुचवली तर पैसे वाचवा. मोठ्या माणसाला पहिली फिट आली तर आधी एमआरआय किंवा सीटी. आपल्याकडे मेंदूतला जंत हेही मोठं कारण आहे, आणि ते मांस खाण्यानं होतं असं नाही. त्याची अंडी न धुतलेल्या भाजीतून, घाण पाण्यातून जातात. आमच्या शेजारचे काका माळकरी, त्यांच्याच डोक्यात निघाला.

म्हाताऱ्या माणसाला डोस कमी, मूत्रपिंडाची तपासणी आधी, आणि कार्बामाझेपिनच्या जातीचं औषध दिलं तर रक्तातल्या सोडियमवर लक्ष. बीपीच्या, रक्त पातळ करण्याच्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता.

सासूबाईंची फिट कुणाच्या माहेरची, हे मात्र आत्याबाईंनी अजून सांगितलेलं नाही. सासूबाईच परवा गोळ्यांचा डबा भरताना म्हणाल्या, "मला बहुतेक सुनेकडूनच लागण झाली असणार," आणि रविवारच्या खणात सोमवारची गोळी टाकली. मी ती काढून परत घातली.